मोटरसायकलचा टायर घरी बदलताना: चाक सोडवण्यापासून बॅलन्सपर्यंत

दर वर्षी मे महिना संपत आला की आमच्या विक्रोळीच्या सोसायटीत कुणी ना कुणी बाइकचं चाक सोडवून बसलेलं असतं, आणि तासाभराने मला खाली हाक येते. बहुतेक वेळा चित्र तेच असतं. टायर अर्धा रिमवर चढलाय, उरलेला अर्धा काही केल्या चढत नाही, दोघं जण मिळून लिव्हर दाबतायत आणि रिमच्या कडेला खोल ओरखडे पडलेत. ताकद कमी पडलेली नसते. टायरची समोरची बाजू चुकीच्या जागी अडकलेली असते, आणि ती कुठे असायला हवी हे कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून हा लेख. काम ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहिलंय. तो क्रम मोडू नका. जे टप्पे सोपे वाटतात, तिथेच घाईत काहीतरी राहून जातं.

१०० ते ३५० सीसीच्या मोटरसायकलींना हे लागू पडतं, अलॉय चाक असो वा स्पोकचं. १४० किंवा त्याहून रुंद रेडियल टायर हाताने चढवता येतो, पण त्याची बाजू फार ताठ असते. पहिल्यांदाच करणाऱ्याने तो मशीनवरच बदलून घ्यावा. स्कूटरचं चाक निराळ्या पद्धतीने सुटतं, ते इथे घेतलेलं नाही.

## आधी टायर नीट निवडा

टायरच्या बाजूवर छापलेलं वाचता आलं पाहिजे. समजा लिहिलंय १००/९०-१७ ५५ पी. टायर १०० मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंची. ५५ हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरला २१८ किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. कंपनीने दिलेल्यापेक्षा भाराचा आकडा किंवा वेगाचं अक्षर खालचं घेऊ नका.

रुंदी वाढवायचा मोहही टाळा. ठरलेल्या रिमवर जास्त रुंद टायर बसवला की त्याच्या बाजू आत ओढल्या जातात आणि रस्त्याला टेकणारा आकार बदलतो. वळणावर गाडी अडखळल्यासारखी वाटते. कधी कधी टायर चेनला किंवा मडगार्डला घासतोही.

उत्पादनाची तारीख चार आकड्यांत असते. १४२५ असेल तर २०२५ सालचा चौदावा आठवडा. दुकानदार टायर हातात देईल तेव्हा हे आकडे स्वतः शोधा. ते बऱ्याचदा एकाच बाजूला असतात.

टीएल म्हणजे ट्यूबलेस, टीटी म्हणजे ट्यूबचा. स्पोकच्या साध्या रिमला आऱ्यांची भोकं असतात, तिच्यात ट्यूबशिवाय हवा राहत नाही. त्यामुळे स्पोकच्या चाकाला टायर कोणताही असला तरी आत ट्यूब लागतेच. टायर नवा घेताना ट्यूबही नवी घ्या. जुनी ट्यूब ताणून थोडी मोठी झालेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि त्या घडीवरच ती फाटते.

वेळेचं सांगायचं तर मुंबईत हे काम मे महिन्यात करावं. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो पहिले दीडशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर घासला गेला पाहिजे. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावर साचलेलं तेल वर येतं. त्या दिवशी करकरीत नवा टायर घेऊन उड्डाणपुलावर चढू नये.

## सामान

चाक सोडवल्यावर सामान शोधायला जाऊ नका. हे सगळं आधी जमिनीवर मांडा:

- टायर लिव्हर तीन, बारा ते पंधरा इंची, टोकं गोल आणि गुळगुळीत. स्क्रू ड्रायव्हर चालणार नाही, तो ट्यूब भोसकतो आणि रिम खरवडतो.
- रिमच्या कडेवर लावायला प्लास्टिकचे संरक्षक तुकडे. नसतील तर जाड पाण्याची नळी उभी चिरून तिचे चार-चार इंचांचे तुकडे करा.
- एक्सलच्या (चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्याच्या) नटाच्या मापाचा रिंग पाना किंवा गोटी, लांब दांड्यासकट. दुसऱ्या बाजूचं डोकं धरायला आणखी एक.
- व्हॉल्व्हची पिन काढायचा छोटा पाना.
- मोठा सी-क्लॅम्प, आठ इंच किंवा त्याहून मोठा, आणि दोन लाकडी ठोकळे.
- पातळ केलेला भांड्यांचा साबण, ब्रश, जुनी फडकी.
- हवेचा गेज. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, स्वतःचा ठेवा.
- पायपंप किंवा छोटा कॉम्प्रेसर.
- ट्यूब असेल तर टाल्कम पावडर. ट्यूबलेस असेल तर नवा व्हॉल्व्ह.
- ग्रीस, नवी स्प्लिट पिन (एक्सलचा नट अडवून ठेवणारी), पाच-पाच ग्रॅमची चिकट वजनं, खडू.
- टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना. हा शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणला तरी चालेल, पण आणा.

लिव्हर आणि क्लॅम्प मस्जिद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर हाताळून घेता येतात. लिव्हरच्या टोकावरून अंगठा फिरवा. कुठे धार लागली तर तो ठेवून दुसरा घ्या.

टायर लावण्याआधी अर्धा-एक तास उन्हात ठेवा. रबर मऊ पडतं आणि निम्मे श्रम वाचतात. सकाळी आठला काम काढायचं असेल तर टायर आदल्या रात्री घरात घ्या, एसीच्या खोलीत ठेवू नका.

## टप्पा १ : गाडी उभी करणं

जागा सपाट आणि सिमेंटची हवी. पेव्हर ब्लॉकवर मेन स्टँडचा एखादा पाय ब्लॉकच्या फटीत बसतो आणि गाडी डुलते. पर्याय नसेल तर स्टँडखाली जाड प्लायवूड टाका.

सर्वांत आधी, गाडी दोन्ही चाकांवर असतानाच, एक्सलचा नट फक्त सैल करा. अर्धा फेरा पुरे. किनाऱ्याच्या हवेत हा नट गंजून बसलेला असतो, त्याला जोर लागतो. मेन स्टँडवर चढवलेल्या गाडीला तेवढा जोर लावला तर ती पुढे सरकून पडू शकते. नट हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांबा.

मग गाडी मेन स्टँडवर घ्या. मागचं चाक काढायचं असेल तर पुढचा ब्रेक दाबून लिव्हरला मजबूत रबर बांधा आणि पुढच्या चाकापुढे वीट लावा. पुढचं चाक काढायचं असेल तर इंजिनखाली लाकडी ठोकळा आणि जॅक लागेल. जॅक सायलेन्सरच्या पाइपला लावू नका.

तपासा: सीट धरून गाडी चारही बाजूंनी हलवा. डुलली तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : चाक काढणं

आधी मोबाइलवर एक्सलचे दोन्ही बाजूंनी जवळून फोटो काढा. चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणा कुठे आहेत, ब्रेकची सळई कशी बसलीय, कोणत्या बाजूला जाड बुश आहे, सगळं दिसलं पाहिजे.

ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकच्या सळईचा नट आणि ब्रेकच्या पाटीला धरून ठेवणारा आडवा हात सोडवा. डिस्क असेल तर बऱ्याच गाड्यांत कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारा ब्रेकचा भाग, आपल्या ब्रॅकेटसकट बाजूला होतो. तो तारेने वर बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका.

सावधान: डिस्क कॅलिपरमधून बाहेर असताना ब्रेक दाबू नका. पिस्टन बाहेर येतात आणि पॅड परत फाकवून बसवणं जिकिरीचं होतं. दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा.

चेन अ‍ॅडजस्टरचे बोल्ट दोन्ही बाजूंना सारखे फेरे मोजून सैल करा. किती फेरे दिले ते लिहून ठेवा. मग एक्सलचा नट पूर्ण काढा आणि चाकाखाली पायाची पुढची बाजू सारून वजन उचलून धरत एक्सल बाहेर ओढा. अडकला तर लाकूड मध्ये धरून हातोडीने हलके ठोका, थेट ठोकलंत तर आटे चेपतील. काही गाड्यांत स्प्रॉकेट चेनसकट गाडीलाच राहतं आणि चाक एकटं बाहेर येतं. काहींत चाक पुढे ढकलून चेन उतरवावी लागते.

इथली एक सवय फार उपयोगाची आहे. वॉशर, बुश, अ‍ॅडजस्टर जसजसे निघतील तसतसे त्याच क्रमाने परत एक्सलवर ओवून ठेवा आणि शेवटी नट लावून टाका. एकही वस्तू हरवत नाही आणि क्रमही राहतो. चाक लावून झाल्यावर जमिनीवर बुश सापडला की सगळं पुन्हा सोडवावं लागतं. आणि बुश सापडलाच नाही तर बेअरिंगवर आडवा दाब येतो, ती काही दिवसांतच आवाज करू लागते.

पुढच्या चाकाला स्पीडोमीटरची गरारी असेल तर तिचे दोन दात हबच्या कोणत्या खाचेत बसतात ते पाहून घ्या.

## टप्पा ३ : हवा काढणं आणि कड सोडवणं

चाक दोन ठोकळ्यांवर किंवा जुन्या टायरवर आडवं ठेवा, डिस्क वरच्या बाजूला. डिस्कवर चाक टेकवलं की ती किंचित वाकते, आणि तेवढं वाकणंसुद्धा ब्रेक लावताना पायाला थरथर म्हणून कळतं. एबीएसची दातेरी चकती असेल तर तिलाही जपा.

व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढा. फुसफुस थांबली म्हणजे हवा संपली असं धरू नका, टायर हाताने दाबून पाहा. ट्यूबच्या टायरला व्हॉल्व्हचा नटही काढा.

जुन्या टायरवर खडूने दोन खुणा करा: व्हॉल्व्ह कुठे होता आणि बाण कोणत्या दिशेला होता.

आता टायरची कड, म्हणजे बीड, रिमच्या बाकापासून, म्हणजे ती जिथे टेकते त्या सपाट जागेपासून, सोडवायची. तिच्यात स्टीलची तार असते आणि वर्षभरात ती रिमला घट्ट चिकटलेली असते. सी-क्लॅम्पचे दोन जबडे टायरच्या दोन बाजूंवर, रिमला अगदी लागून ठेवा आणि हळूहळू आवळा. मधून मधून साबणाचं पाणी सोडा. एका जागी कड खाली गेली की वीतभर पुढे सरका. पूर्ण गोल फिरून ती दोन्ही बाजूंनी सुटली पाहिजे.

आमच्याकडे बरेच जण दुसऱ्या बाइकचा साइड स्टँड टायरवर टेकवून ती बाइक त्याच्यावर झुकवतात. जमतं, पण स्टँड घसरून स्पोकवर किंवा डिस्कवर गेला की टायरपेक्षा मोठा खर्च समोर येतो. क्लॅम्पच वापरा.

## टप्पा ४ : जुना टायर उतरवणं

हा लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. नवा टायर चढवतानाही हेच लागणार आहे, म्हणून सावकाश वाचा.

रिम आडवी कापून पाहिली तर तिच्या दोन कडा उंच, कडांच्या आत टायर बसायचे दोन सपाट बाक, आणि मधोमध खोल खोबण दिसेल. टायरच्या कडेतली तार ताणली जात नाही. तिचा घेर रिमच्या बाहेरच्या कडेपेक्षा लहान असतो. मग टायर रिमवरून जातोच कसा? समोरची बाजू त्या मधल्या खोबणीत खाली पडते म्हणून. ती तिथे पडली की अलीकडे दोन बोटं ढील मिळते आणि तेवढ्यात कड रिमवरून पलीकडे जाते.

समोरची बाजू खोबणीत नसून वर बाकावर अडकलेली असेल, तर तुम्ही न ताणल्या जाणाऱ्या तारेशी झुंजताय. मग रिम चेपेल, तार तुटेल किंवा लिव्हर उडून तोंडावर येईल.

तपासा: लिव्हरला एका हाताच्या जोरापेक्षा जास्त लागतंय? थांबा. समोर जा, टायर गुडघ्याने दाबून कड खोबणीत ढकला, मग परत या.

काही रिमची खोबण मध्यात नसते, एका बाजूला सरकलेली असते. जिकडची कड खोबणीला जवळ, ती बाजू वर ठेवून काम करा.

उतरवायची सुरुवात व्हॉल्व्हजवळून करा. व्हॉल्व्हच्या जागी खोबणीत अडथळा असतो, तिथे कड खाली बसत नाही. त्यामुळे समोरची, मोकळी बाजू खोबणीत गेली पाहिजे. साबणाचं पाणी भरपूर लावा. पहिला लिव्हर घालून कड वर घ्या आणि त्याला गुडघ्याखाली दाबून ठेवा. दुसरा दोन-तीन इंच पुढे. तिसऱ्याने आणखी दोन इंच. मोठा घास घेऊ नका. चार-पाच घासांनंतर उरलेली कड हातानेच निघते.

ट्यूब असेल तर आता ती बाहेर ओढा, व्हॉल्व्ह शेवटी. मग चाक उभं करून दुसरी कडही त्याच बाजूने रिमवरून काढा.

## टप्पा ५ : रिकामी रिम

इथे लोक घाई करतात, कारण नवा टायर समोर पडलेला असतो. दहा मिनिटं द्या.

रिमचे बाक बोटाने चाचपून पाहा. गंजाची पापुद्री, जुनं रबर, वाळलेला पंक्चरचा सीलंट, सगळं तारेच्या काथ्याने साफ करा. ट्यूबलेसमधून रोज दोन-तीन पीएसआय हवा जाण्याचं कारण पुष्कळदा हीच घाण असते. खड्ड्यात आपटून रिमची कड चेपलीय का तेही पाहा. हलकी चेप दुरुस्त होते, तडा गेलेली अलॉय रिम मात्र टाकून द्या. वेल्डिंग करून वापरू नका.

ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व्ह जुना कापून नवा ओढून घ्या, बाहेरून साबण लावला की सहज बसतो. स्पोकच्या रिमला आतली पट्टी नीट आहे ना, एखाद्या आऱ्याचं टोक वर आलंय का, हे हात फिरवून पाहा. आलं असेल तर कानशीने घासा.

बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली तर टायर चढवण्याआधीच बेअरिंग बदला.

आणि बॅलन्सच्या दृष्टीने एक गोष्ट, जी फार कमी जण करतात: रिकामी रिम एक्सलवर टांगून (कशी ते टप्पा ८ मध्ये आहे) तिचा जड बिंदू शोधा आणि तिथे खडूने खूण करा. तो बहुधा व्हॉल्व्हजवळ असतो, पण नेहमी नसतो.

## टप्पा ६ : नवा टायर चढवणं

आधी बाण पाहा. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेला फिरतं, बाणही त्याच दिशेला हवा. हबवर किंवा रिमवरही बाण असतो. डिस्क कोणत्या बाजूला येते हे डोळ्यांसमोर आणून दोनदा खात्री करा.

टायरवर रंगाचा एक छोटा ठिपका असेल तर तो टायरचा हलका बिंदू. तो रिमच्या जड खुणेसमोर आणा, आणि खूण केली नसेल तर व्हॉल्व्हसमोर. एवढ्याने पुढे लागणारी वजनं कमी होतात.

दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावा. ग्रीस, इंजिन ऑइल, रॉकेल लावू नका. ते रबर खातं, आणि वाळत नसल्याने जोरात ब्रेक मारल्यावर टायर रिमवर फिरतो. ट्यूब असेल तर व्हॉल्व्ह कापला जाऊन चालत्या गाडीची हवा एका झटक्यात जाते.

खालची कड हातानेच चढते. टायर तिरका धरून दाबला की दोन लिव्हरांचंही काम राहत नाही.

ट्यूब असेल तर तिला पावडर चोळा आणि गोल आकार धरेल एवढीच हवा भरा. व्हॉल्व्ह आधी भोकातून बाहेर काढून नट दोन फेरे लावा, मग बाकीची ट्यूब आत सारा. हात फिरवून पाहा, कुठे पीळ किंवा घडी नको.

वरची कड व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरू करा आणि दोन्ही बाजूंनी व्हॉल्व्हकडे या. शेवटचा घास व्हॉल्व्हपाशी. सुरू केलेली बाजू सतत गुडघ्यांनी खोबणीत दाबून ठेवा. ती हळूच वर येत राहते आणि शेवटचे सहा इंच अडकतात ते यामुळेच. तिथे पोचलात की व्हॉल्व्ह आत ढकलून पाहा, म्हणजे ट्यूब कडेखाली सापडत नाही.

सावधान: लिव्हर रिमच्या आत जेमतेम कडेखाली जाईल एवढाच घाला. जास्त आत गेला की ट्यूबला चिमटा बसतो. माझ्या दोन नव्या ट्यूब अशाच गेल्या. दोन्ही वेळा भोक शेवटच्या घासाच्या जागी होतं, आणि ते कळलं सगळं बसवून हवा भरल्यावर.

## टप्पा ७ : कड बाकावर बसवणं

पिन काढलेलीच ठेवा आणि हवा भरा, भोक मोकळं असल्याने हवा जोरात जाते. ट्यूबच्या टायरला पायपंप पुरतो. ट्यूबलेसला एकदम पुष्कळ हवा लागते. कड हवा धरत नसेल तर टायरच्या मधोमध सामान बांधायचा पट्टा गोल आवळा, म्हणजे दोन्ही कडा बाहेर फाकतात. तरीही नाही झालं तर चाक रिक्षात घालून जवळच्या पंक्चरवाल्याकडे न्या, मोठ्या टाकीच्या कॉम्प्रेसरने क्षणात होतं. पेट्रोल किंवा स्प्रे मारून आग लावायचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका, त्यात टायर फुटतो आणि हात जातात.

कड बसताना दोन मोठे ‘फट्’ आवाज येतात. बोटं रिमच्या कडेपासून लांब ठेवा. टायरच्या बाजूवर कड बसवायच्या हवेची मर्यादा छापलेली असते, बऱ्याच टायरवर ती ४० पीएसआय आहे. तेवढ्यात बसली नाही तर आणखी भरू नका. हवा सोडा, साबण लावा, पुन्हा भरा.

तपासा: टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक गोल रेघ असते. ती पूर्ण घेरात रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंनी. एका जागी आत बुडालेली असेल तर कड तिथे बसलेली नाही, आणि अशा चाकाला कितीही वजनं लावली तरी ते उड्या मारतच राहील.

आता पिन लावा आणि हवा ठरलेल्या दाबावर आणा. तो आकडा चेनकव्हरवरच्या किंवा मागच्या फोर्कवरच्या स्टिकरवर असतो. व्हॉल्व्हवर आणि कडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहा. ट्यूबच्या व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळू नका, वर टोपीपाशी ठेवा. टायर सरकून व्हॉल्व्ह तिरका झाला तर लगेच दिसेल.

## टप्पा ८ : बॅलन्स

खरंच लागतो का, असं मला नेहमी विचारतात. हिशोब करून पाहू. १७ इंची चाकाच्या रिमवर १० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त आहे. ताशी ८० किलोमीटरला ते दहा ग्रॅम साधारण एक किलोच्या जोराने चाक बाहेर ओढतात, सेकंदाला जवळपास बारा वेळा. वेग निम्मा केला की जोर चौपट कमी होतो, ताशी ४० ला पाव किलोच्या आसपास. म्हणून दादर-सायनच्या गर्दीत काही जाणवत नाही, आणि वाशीचा पूल ओलांडून गाडी मोकळी सुटली की हँडल झिणझिणू लागतं. ज्यांची गाडी शहराबाहेर जात नाही, त्यांनी निदान पुढचं चाक तरी बॅलन्स करावं.

दोन सारख्या उंचीची स्टुलं घ्या. त्यांच्यामध्ये चाक, आणि एक्सल स्टुलांवर आडवा. गवंड्याची पाणसळ किंवा मोबाइलमधली लेव्हल ठेवून एक्सल आडवा सरळ आहे का पाहा. स्पीडोमीटरची गरारी, ब्रेकची पाटी, जे काही चाकाला अडवतं ते सगळं काढलेलं असू द्या.

चाक हळू फिरवून सोडा. थांबेल तेव्हा स्टुलावर बोटांनी हलके टकटक करा, बेअरिंगच्या सीलच्या पकडीमुळे चाक थोडं आधीच थांबलेलं असतं, ते त्याने सुटतं. खाली आलेला बिंदू जड. त्याच्या बरोबर वर खडूने खूण करा. असं चार-पाच वेळा, वेगवेगळ्या जागेवरून करा. दर वेळी तोच बिंदू खाली आला तरच तो जड. दर वेळी वेगळा आला तर चाक बॅलन्समध्ये आहे, काही लावू नका.

वजन लगेच चिकटवू नका. आधी वरच्या खुणेवर कागदी टेपने चाचणी घ्या. पाच रुपयांचं पितळी रंगाचं नाणं साधारण सहा-सात ग्रॅमचं असतं, ते चाचणीला चालतं. मग खूण घड्याळातल्या तीनच्या जागी आणून सोडा. खाली गेली तर वजन जास्त, वर गेली तर कमी. चाक तीन, सहा, नऊ आणि बारा या चारही जागी ठेवल्यावर हलायचं थांबलं की वजन बरोबर. पाच ग्रॅमच्या आतल्या फरकामागे लागू नका.

रिमची जागा थिनरने पुसून पूर्ण वाळू द्या, मगच चिकट वजनं लावा. शक्य तर दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी विभागून. पावसात आणि पंपावरच्या पाण्याच्या फवाऱ्यात ती निघतात, म्हणून अंगठ्याने मिनिटभर दाबा. स्पोकच्या चाकाला चिकट वजन टिकत नाही. आऱ्याच्या बुडाशी, निपलजवळ, सोल्डरची जाड तार गुंडाळून घट्ट दाबा.

साठ ग्रॅमहून जास्त लागत असेल तर वजनं वाढवत जाऊ नका. हवा काढा, कड सोडवा, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा बघा. आत पंक्चरचा द्रव सीलंट ओतलेला असेल तर बॅलन्स होणारच नाही, तो द्रव खाली साचत राहतो. सीलंट टाकायचा असेल तर बॅलन्स झाल्यावर.

## टप्पा ९ : चाक परत गाडीवर

एक्सल पुसून त्याला ग्रीसचा पातळ थर द्या. आपल्या खाऱ्या हवेत पुढच्या वेळी एक्सल सहज निघेल की हातोडी लागेल, हे या थरावर ठरतं. फोटो समोर ठेवून बुश आणि वॉशर लावा. ड्रमची पाटी तिच्या खाचेत, पुढच्या गरारीचे दात हबच्या खाचेत बसलेत हे बोटाने चाचपा. दात न बसता एक्सल आवळला की गरारी तुटते.

चेनची ढील दोन स्प्रॉकेटच्या मधोमध मोजा. बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर सांगितलेली असते, तुमच्या पुस्तकात पाहा. चाक सरळ आहे का हे फक्त अ‍ॅडजस्टरच्या खुणांवरून ठरवू नका, त्या कधी कधी दोन बाजूंना वेगळ्या असतात. मागच्या फोर्कच्या पिव्होटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत टेपने दोन्हीकडे मोजा.

एक्सलचा नट टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्याला आवळा. मग ब्रेकचा आडवा हात, ब्रेकची सळई, नवी स्प्लिट पिन. जुनी पिन सरळ करून परत वापरू नका, ती वाकवलेल्या जागी तुटते.

पुढच्या चाकाला फोर्कच्या तळाशी एक्सल धरणारे बोल्ट असतील तर ते सर्वांत शेवटी. आधी गाडी चाकांवर उतरवून पुढचा ब्रेक दाबत फोर्क चार-पाच वेळा खाली-वर करा, मग ते आवळा.

सावधान: गाडी हलवण्याआधी डिस्कचा ब्रेक घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिले दोन-तीन दाब पोकळ जातात. सोसायटीच्या उतारावर हे कळू नये.

## टप्पा १० : पहिली फेरी आणि नंतर

पहिली फेरी आवारातच, चालण्याच्या वेगाने. दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून पाहा. घासल्याचा आवाज, चेनचा ओढल्यासारखा सूर, काहीही ऐकू आलं तर परत स्टँडवर.

पुढचे दीडशे किलोमीटर टायर सगळीकडून घासला जाईपर्यंत जोरात ब्रेक नको आणि गाडी फार झुकवायलाही नको. उड्डाणपुलाच्या लोखंडी जोडपट्ट्या, रस्त्यावरचे पांढरे रंगाचे पट्टे, मेट्रोच्या कामावर टाकलेल्या लोखंडी प्लेट, यांच्यावरून सरळ आणि हळू जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी काढण्याआधी, थंड टायरची हवा मोजा. दोन पीएसआयहून जास्त उतरली असेल तर फेस लावून व्हॉल्व्ह, पिन आणि कड पुन्हा तपासा. आठवड्याभराने एक्सलचा नट आणि चेनची ढील परत एकदा पाहा, आणि वजनं जागेवर आहेत ना तेही.

जुना टायर गच्चीत किंवा जिन्याखाली टाकू नका. पहिल्या पावसात त्यात पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास होतात. नवा टायर घेतलेल्या दुकानदाराला तो परत द्या, बहुतेक जण ठेवून घेतात. भंगारवालाही नेतो. तोवर उभा, आडोशाला आणि कोरडा ठेवा.